मावशीच्या पेटीचं नाव

टाळ्या कुणी वाजवल्या होत्या त्या? नाही, आता खाली काय बघताय, सांगा ना! गेल्या आठवड्यात ह्याच वाचनालयाच्या ह्याच हॉलमध्ये मी उभा राहून हात वर करकरून बोललो, मावशीला बनवून दिलेल्या गाण्याच्या पेटीची गोष्ट सांगितली, आणि कुणीतरी टाळ्या वाजवल्या, चांगल्या कडकडून वाजवल्या, मागून एक 'वा!'सुद्धा आला... अहो, त्यापेक्षा एकाने उठून एवढंच विचारायचं होतं, 'सुजय, बाबा, हे सगळं मावशीला विचारून केलंस का रे?' एकाने! पण नाही. नंतर बटाटेवडा होता ना. मग प्रश्न कोण विचारणार? वडे गार होतात! आणि मी मूर्ख त्या टाळ्या घेऊन घरी गेलो, फुगून. आज त्या परत द्यायला आलोय. ज्यांच्या असतील त्यांनी जाताना घेऊन जा.

पण तुम्हाला सांगतो, हेतू चांगला होता माझा.

ज्यांनी मागच्या वेळी वड्याच्या वासाकडे लक्ष ठेवून ऐकलं त्यांच्यासाठी परत सांगतो. माझी सगुणामावशी भाट्याच्या पुलापलीकडे राहते. मावशीचे हात कधी कोरडे नसतात. आत्ता पिठात, मग कोळंबीत, आमसुलांचे दिवस असले तर कोपरापर्यंत लाल. आणि काम करताना तिला गाणं लागतं. भजन, नाट्यपद, काहीही, पण कानाशी कुणीतरी बोलत पाहिजे. पूर्वी ट्रान्झिस्टर होता, तो फळीवरून पडला आणि गेला. मग मुलीने, म्हणजे ईशाने, मुंबईहून फोन पाठवला. झालं! एक अभंग लावायचा तर आधी गुडघ्याच्या तेलाची जाहिरात, मग कर्जाची, मग अभंग ऐन रंगात आला की मधेच एक बाई किंचाळत येते, बनियान घ्या म्हणून! आणि मावशी कोळंबीच्या हाताने ती बाई घालवायला जाते तो भलत्यालाच व्हिडिओ कॉल. राजापूरच्या व्याह्यांनी एकदा मावशीच्या हातातल्या कोळंबीला बराच वेळ 'बऱ्या आहात ना?' विचारलं होतं!

मला हे बघवेना. तुम्ही मला ओळखता, मला चटकन राग येतो. माणसाने स्वतःच्या घरात, स्वतःच्या कानांनी एक अभंग ऐकायचा, तर मधे हा दलाल कोण? शिवाय हे फोन घरातलं बोलणं चोरून ऐकतात, साठवतात, विकतात... त्याच्यावर मी व्याख्यान देऊ शकतो. नाही देत, घाबरू नका. तर मी ठरवलं, मावशीसाठी स्वतः यंत्र बनवायचं. जाहिरात नाही, वर्गणी नाही, पाळत नाही! काड्यापेटीहून थोडं मोठं एक सर्किट, एक जुना स्पीकर, वाडीतल्या भजनीमंडळाची सगळी गाणी आत भरलेली, वाय-फाय असेल तेव्हा जगभरचे रेडिओ. आणि हात लावायलाच नको. तोंडाने सांगायचं. आणि हे सगळं एका आंब्याच्या पेटीच्या फळ्यांत बसवलं. मावशीने विचारलं, "पेटी आणलीस? आंब्याची की वाजवायची?" मी म्हटलं, दोन्ही! काय टाळी पडली होती ह्या वाक्याला मागच्या वेळी, आठवतं? ...असो.

आता काका. मावशीचे यजमान. सगळा जन्म बोटीवर गेला त्यांचा. सारंग होते. सारंग म्हणजे खलाशांचा मुकादम, त्या रागाशी काही संबंध नाही, काकांचा संबंध दुसऱ्या रागाशी. वाडीत लहानथोर सगळे त्यांना सारंगच म्हणतात. आता निवृत्त. पडवीत आरामखुर्ची, तोंडासमोर वर्तमानपत्र. मावशी आतून हाक मारते, "अहो, ऐकलंत का?" ...पान उलटल्याचा आवाज. "अहो, नारळ सोलून देता का?" ...पान. वर्तमानपत्र किती पानांचं असतं हो? काकांचं संपतच नाही! मी पेटी घेऊन आलो त्या दिवशी ते एकदाच बोलले. पेटीची एक फळी बघितली, तिच्यावर जुनी अक्षरं होती, 'देवग' एवढीच उरलेली, आणि म्हणाले, "देवगडची पेटी? रत्नागिरीत?" आणि परत पान.

तर आता यंत्राला एक नाव द्यायचं असतं. ते नाव ऐकलं की यंत्र जागं होतं. आणि नाव कसं निवडायचं ह्याची सूचना असते, की जो शब्द घरात रोजच्या बोलण्यात कधीच येत नाही असा शब्द निवडा, म्हणजे यंत्र उगाच दचकून उठणार नाही. मी विचार करत बसलो. मावशीच्या घरात कधीच येत नाही असा शब्द कुठला? 'धन्यवाद' येत नाही. 'पिझ्झा' येत नाही. तेवढ्यात संध्याकाळची आरती सुरू झाली, मावशी टाळ्या वाजवत मोठ्याने म्हणत होती, आणि एका शब्दापाशी आली आणि गप्प! टाळी चालू, ओठ मिटलेले. पुढच्या शब्दाला परत आवाज. आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. सदाशिव!

काकांचं नाव हो! सदाशिव. मावशीने ते लग्नापासून उच्चारलेलं नाही. पुण्याला तिची नणंद सदाशिव पेठेत राहते, तर मावशी सांगते, "ती ना, ह्यांच्या पेठेत असते." वाडीतले सारंग म्हणतात, मी काका म्हणतो, ईशा बाबा म्हणते. म्हणजे सदाशिवाच्या घरात सदाशिव हा शब्द नाहीच! तांत्रिकदृष्ट्या निर्दोष! आणि शिवाय, इथे माझा ऊर भरून आला, शिवाय मावशी ह्या निमित्ताने नवऱ्याचं नाव घेईल! एका झटक्यात सुधारणा! बाईने नवऱ्याला नावाने का हाक मारू नये? तो मारतोच ना 'सगुणे' म्हणून?

हेतू बघा! हेतू किती चांगला होता!

पुढचा प्रश्न आवाजाचा. यंत्र जागं झालं की काहीतरी बोलतं. त्याचा मूळचा आवाज होता कुणा परक्या पुरुषाचा, फलाटावर घोषणा करतात तसा. तो "सूचना द्या" असं म्हणाला तर मावशीने पदर नीट केला आणि हळूच मला विचारलं, "कोण रे हा? चहा घेईल का?" म्हटलं, हा नको. घरातलाच आवाज पाहिजे. आता घरात दुसरा आवाज कुणाचा? आणि काकांचा आवाज मिळवायचा कसा? ते बोलतच नाहीत! पण नाही, बोलतात. लांज्याला त्यांचा बोटीवरचा जुना दोस्त आहे, त्याचा फोन आला की काकांचं वर्तमानपत्र कुठल्या कुठे जातं, आणि ते असे खुलतात, खर्जातून वर चढत, जसं काही बंदराला लागले, "हां, बोल!"

तुम्ही ऐकायला हवं होतंत ते 'हां, बोल'. त्यात काय नव्हतं! मी दारामागे उभा राहिलो, मोबाइल पुढे धरला आणि रेकॉर्ड केलं. हो. मीच. पाळतीवर व्याख्यानं देणारा. काकांना न सांगता. त्यांना विचारणार होतो, पण ते वाचत होते...

तुम्ही हसताय. हसा.

पेटी फळीवर बसली. शेजारच्या यमुनाबाई आल्या, आणखी दोघीतिघी आल्या. मी उभा राहून म्हटलं, "मावशी, फक्त नाव घ्यायचं आणि गाणं सांगायचं." मावशी म्हणाली, "कुणाचं नाव?" मी सांगितलं. मावशीने माझ्याकडे असं बघितलं की मी तिला भर बाजारात फुगडी घालायला सांगितली! "मेल्या, दुसरं नाव मिळालं नाही तुला? गंपू ठेव, गोट्या ठेव!" मग मी समतेवर बोललो. बराच वेळ बोललो. तिच्या हातावरचं पीठ वाळून गेलं एवढा बोललो. शेवटी यमुनाबाईच म्हणाल्या, "सगुणे, तो काय गप ऱ्हवत नाय. उखाण्यात घे, म्हणजे ह्याचा पण होईल आणि तुझा पण." आणि मावशीने, तुम्हाला सांगतो, लाजत, पदर दातात धरून...

"आमसुलाचा रंग सोलकढीला लाल, सदाशिवरावांचं..."

"हां, बोल!"

मावशीच्या हातातली पळी खाली! "अगो बाय!" "हे गाणं सापडलं नाही," यंत्र पुढे फलाटावरच्या त्या मूळच्या आवाजात म्हणालं. बायका हसून हसून भिंतीला टेकल्या. यमुनाबाई म्हणाल्या, "सारंगाला एका हाकेत ओ देताना आज पयल्यांदा ऐकला गो!" आणि मावशी हसत नव्हती. ती पडवीकडे बघत होती. पडवीत वर्तमानपत्र स्थिर होतं. हे मी तेव्हा बघितलं, पण मला वाटलं ती लाजली! काय काय वाटतं मला!

मग सुरू झालं. रोज नवा उखाणा, कारण तोच तो उखाणा परत घ्यायचा म्हणजे मावशीला कमीपणा. दुपारी बायका जमायला लागल्या, आठळ्या सोलत बसायच्या, गाणं राहिलं बाजूला. एकदा आवाज मोठा झाला तर म्हणाली, "फणसाच्या गऱ्यांचं ताट ठेवलं भरून, सदाशिवराव, आवाज घ्या जरा आवरून!" पेटीला काही कळलं नाही. पण पडवीत काका खोकत होते, ते अर्ध्यावर थांबले!

आणि हळूहळू, मी लक्ष ठेवून होतो ना, उखाणे आखूड झाले. आधी सोलकढी गेली. मग फणस गेला. मग 'नाव घेते' गेलं. मग 'राव' गेले. आणि एक दिवस मी पोहोचलो तर मावशी वाटण करता करता, मान वरसुद्धा न करता, सरळ, "सदाशिव." "हां, बोल!" "भैरवी लाव." आणि लागली! मला काय आनंद झाला म्हणून सांगू! मी जिंकलो! एवढ्या वर्षांची रूढी मी एका आंब्याच्या पेटीने मोडली! त्याच आठवड्यात मी इथे आलो, तुम्हाला सांगितलं, तुम्ही टाळ्या वाजवल्यात. टाळ्या आणि एक गुच्छ.

तो गुच्छ घेऊन दुसऱ्या दिवशी दुपारी मावशीकडे गेलो. म्हटलं खरी मानकरी ती. चकित करू म्हणून मागच्या दाराने गेलो. आत विळीवर कांदा चिरल्याचा आवाज. मी दाराशी थांबलो, हातात गुच्छ, नवरदेवासारखा. आणि मावशीचा आवाज आला.

"सदाशिव."

"हां, बोल!"

"विहिरीचा पंप परत जळला वाटतं रे. पाणी चढत नाही."

"हे गाणं सापडलं नाही."

"नसेल." ...कांदा, कांदा, कांदा. "सदाशिव."

"हां, बोल!"

"ईशा म्हणते, मुंबईला येऊन राहा. मी म्हटलं, बघते. काय बघणार आहे मी?"

"हे गाणं सापडलं नाही."

"हो ना. मला पण नाही सापडत."

इथपर्यंत मी हसत होतो. खरं सांगतो. मनात म्हणत होतो, पुढच्या व्याख्यानाला काय किस्सा मिळाला! आणि विळीचा आवाज थांबला.

"सदाशिव."

"हां, बोल!"

"माझी आई गेली ना, तेव्हा तुझ्या बोटीच्या ऑफिसात फोन करत होतो आम्ही. कितीदा केला. तिथला माणूस पण असाच, लगेच उचलायचा. गोड बोलायचा. बोटीशी संपर्क होत नाही म्हणायचा."

"हे गाणं सापडलं नाही."

"राहू दे. आता काय! ...तू 'बोल' म्हणालास, झालं."

तू! अहो नाही, अरे! आणि मी, घरातलं बोलणं चोरून ऐकणाऱ्या कंपन्यांना शिव्या देणारा मी, भर दुपारी मावशीच्या मागच्या दाराशी कान लावून उभा, हातात तुमचा गुच्छ. मान वर केली तर समोर, माजघराच्या उंबऱ्यात, काका. हातात रिकामा तांब्या. पाणी घ्यायला आले असणार. आमच्या दोघांच्या मधे मावशीची पाठ. तिने आम्हाला बघितलं नाही. आम्ही एकमेकांना बघितलं. मला सांगा, अशा वेळी माणसाने चेहरा कुठे ठेवायचा? काकांना निदान तांब्या होता बघायला!

काका मागे फिरले, पुढच्या दाराने वळसा घालून विहिरीवर आले आणि पंप खोलून बसले. मीही त्यांच्या मागे विहिरीवर गेलो. बराच वेळ नुसता पान्हा फिरवत होते. मग म्हणाले, "जळलाय." मी म्हटलं, हो. म्हणाले, "मला बोलली नाही." पंपाकडेच बघत म्हणाले, "तो आवाज माझाच ना? कुठून घेतलास?" मी म्हटलं, "लांज्याचा फोन आला होता तेव्हा." "हं. त्याच्याशी बोलतो तसा." आणि पान्हा खाली ठेवला. "काढ तो. मी आहे ना घरात? मी बोलीन."

मी बोलीन! तुम्हाला सांगतो, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. काकांच्या तोंडून एवढं लांब वाक्य! मला वाटलं, झालं, हेच पाहिजे होतं, यंत्राने यंत्राचं काम केलं आणि आता माणूस जागा झाला! मावशी घराबाहेर पडायची वाट बघत राहिलो, आणि काल संध्याकाळी ती देवळात गेली तेव्हा मी पेटी उघडली, काकांचा आवाज पुसला, सदाशिव नाव काढलं, नवीन नाव ठेवलं 'पेटी', आणि उत्तराला नुसती 'टुंग' अशी घंटा. साधं, स्वच्छ. कुणाची पाळत नाही, कुणाची नक्कल नाही. काकांना विचारून केलं बरं का ह्या वेळी! आणि मावशीला?

...बघा, आता विचारताय! आता कसं सुचलं बरोबर!

हेतू! हेतू चांगलाच होता हो माझा, मला आता त्या हेतूचीच लाज वाटायला लागली आहे.

आज सकाळी गेलो बघायला. काका पडवीत, खुर्चीत. यमुनाबाई पायरीवर काजूबिया निवडत होत्या. मी मावशीला बदल समजावून सांगायला तोंड उघडतोय, तोवर ती भाकरी थापता थापता म्हणालीच, नेहमीच्या सवयीने, आणि चांगली मोठ्याने, पडवीपर्यंत जाईल अशी, "सदाशिव!"

पेटी गप्प.

मावशीने भाकरी तव्यावर टाकली आणि परत म्हणाली, "सदाशिव?"

यमुनाबाईंचा हात बियांत थांबला. मी काकांकडे बघितलं. बोला ना! आता तुम्ही! एवढाच शब्द आहे, लांज्याच्या माणसाला रोज देता तो! काकांनी वर्तमानपत्र खाली केलं. कान लाल झाले होते त्यांचे. तोंड उघडलं. घसा साफ केला. मी मनातल्या मनात म्हणतोय, हां... हां... आणि ओठ हललेसुद्धा, पण सगळा जन्म समुद्रावर ओरडून खलाशी हलवलेला तो माणूस, त्याला स्वतःच्या स्वयंपाकघरापर्यंत पोचेल एवढा आवाज निघेना! परत घसा साफ केला. आणि वर्तमानपत्र वर गेलं. उलटं धरलेलं होतं, पण वर गेलं.

मावशी दारात आली. पिठाचे हात पुढे धरून. आधी पेटीकडे बघितलं, मग पडवीकडे, मग माझ्याकडे. मी सांगितलं. सगळं सांगितलं, आवाज का काढला, नाव का बदललं, आता 'पेटी' म्हणायचं, टुंग वाजेल, गाणी तीच आहेत, एकही कमी नाही... ती ऐकत होती. रागावलीसुद्धा नाही हो. रागावली असती तर बरं झालं असतं. नुसतं म्हणाली, "बरं केलंस. बघायला आला आहेस तर भाकरी खाऊन जा," आणि आत गेली. आतून गाण्याचा आवाज नाही, कांद्याचा नाही, काही नाही. भाकरी करपल्याचा वास आला, मावशीची भाकरी, आयुष्यात पहिल्यांदा!

मी पायरीवर बसलो, डोकं धरून. म्हटलं, "यमुनाबाई, काय चुकलं माझं?"

यमुनाबाईंनी एक किडकी बी उचलली, उन्हात धरून बघितली, अंगणात फेकली, मग एकदा पेटीकडे बघितलं, एकदा त्या उलट्या वर्तमानपत्राकडे बघितलं आणि म्हणाल्या,

"दोघांतला नेमका बोलणारा काढलास होय रे मेल्या!"